शंभराच्या आत

रत्नागिरीकरांनी एकाच अरबी समुद्राचे दोन भाग पाडून ठेवले आहेत. मांडवीकडचा तो काळा समुद्र आणि मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा समुद्र. रंग वाळूचा, नाव मात्र पाण्याला. एखादा बाहेरगावचा पाहुणा गोंधळून ‘पण पाणी तर दोन्हीकडे सारखंच दिसतंय’ असं म्हणाला, की आम्ही त्याला शहाळं पाजतो आणि विषय बदलतो. पाण्याकडे नुसतं बघून त्याचं कूळ आणि चालचलन सांगण्याचा हक्क इथल्या माणसाला जन्मतः मिळालेला आहे. मृग लागला, पऱ्याला जांभ्याचं लाल पाणी आलं, की साकवावर उभी असलेली मंडळी निकाल द्यायला लागतात. ‘वरच्या अंगाला जोरदार पडलान.’ ‘छ्या! हा पावसाचा रंग नाही. कोणाचा तरी जेसीबी लागलाय.’ विहिरीच्या पाण्याची परीक्षा तर त्याहून सोपी. तळाशी पडलेली कळशी वरून दिसली तर पाणी चांगलं.

ही पद्धत हसण्यावारी नेऊ नका. १८६५ साली आंजेलो सेक्की नावाच्या एका इटालियन पाद्र्याने पोपसाहेबांच्या बोटीवरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. हा गृहस्थ मूळचा खगोलशास्त्रज्ञ. वर बघून मान दुखली म्हणून असेल, जरा खाली बघितलं. आजही तलावांचं आणि समुद्राचं पाणी तपासणारे लोक तीच तबकडी सोडतात. आमच्या आज्यांनी कळशी सोडली. पाद्र्याची तबकडी दोरीला घट्ट बांधलेली होती, म्हणून ती परत मिळाली आणि शोध त्याच्या नावावर लागला, एवढंच.

अशा गावात माझा भाचा सांडपाण्यातला गाळ ग्रॅमच्या दहाहजाराव्या भागापर्यंत तोलण्याची नोकरी करतो. एमआयडीसीत मासळीवर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे, त्याच्या ईटीपीवर तो केमिस्ट आहे. ईटीपी म्हणजे कारखान्याचं घाण पाणी साफ करणारी यंत्रणा. मासे धुतलेलं, कोळंबी सोललेलं, फरशी घासलेलं असं सगळं पाणी एका बाजूने आत येतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जातं. मधल्या टाक्यांमध्ये जे काही घडतं ते खरंच घडलं की नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी भाच्यावर.

सिद्ध करायच्या गोष्टी अनेक आहेत, पण त्यातली सगळ्यात साधी म्हणजे टीएसएस, टोटल सस्पेंडेड सॉलिड्स. पाण्यात न विरघळता जे काही त्यात फिरत असतं ते सगळं. ते एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम, एवढाच प्रश्न. १९८६च्या पर्यावरण नियमांत त्याचे आकडे दिलेले आहेत: पाणी नदीनाल्यात सोडायचं असेल तर शंभरच्या आत, शेतीला द्यायचं असेल तर दोनशे, सार्वजनिक गटारात सोडायचं असेल तर सहाशे. गटाराच्या सहनशक्तीबद्दल सरकारचं मत पहिल्यापासून चांगलं आहे. समुद्राचा नियम मात्र मला फार आवडला. प्रक्रियेचं पाणी असेल तर शंभर; पण यंत्रं थंड करून समुद्रात परत सोडलेलं पाणी असेल, तर आत येताना त्यात जेवढा गाळ होता त्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असता कामा नये. म्हणजे समुद्र स्वतः गढूळ असेल तर तेवढी सूट. हा नियम लिहिणाऱ्याने पावसाळ्यात मांडवीच्या जेटीवर उभं राहून समुद्र पाहिला असावा. जुलैत आमचा काळा समुद्र खरोखरच कोणत्याही परीक्षेला बसवण्याच्या लायकीचा नसतो.

महाराष्ट्र या बाबतीत पुढे होता हेही सांगून टाकतो. देशाचा पाणीप्रदूषणाचा कायदा १९७४चा. आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याआधीच, १९७० साली, आपल्याच १९६९च्या कायद्याने स्थापन झालेलं. कायदा करण्यात आपण कधीच मागे नसतो.

तर शंभर मिलिग्रॅम. ऐकायला चिमूटभर वाटतं आणि असतंही तेवढंच. पण उन्हाळ्यात वाडीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. शंभराच्या हिशेबाने त्यात एक किलो गाळ बसतो. ताईला, म्हणजे भाच्याच्या आईला, हा हिशेब सांगितल्यापासून ती टँकरवाल्याकडे भाजीवाल्याकडे बघावं तसं बघते.

मोजायची रीत ऐकली तर कोणीही म्हणेल, यात काय मोठंसं! पाणी गाळायचं, गाळणीवर राहिलेलं वाळवायचं, तोलायचं. ताईही हेच म्हणाली. ‘एवढ्यासाठी एम.एस्सी. केलंस होय रे?’ भाच्याने मला एकदा प्रयोगशाळेत उभं करून सगळी रीत दाखवली, तेव्हा कळलं की साध्या कामाला माणसाचा जो अंत बघता येतो तो अवघड कामाला येत नाही.

गाळणी म्हणजे काचेच्या तंतूंची पांढरीशुभ्र चकती, साधारण बिस्किटाएवढी. तिची छिद्रं मिलिमीटरच्या एक-दीड हजारांशाएवढी. ही कोरी चकतीसुद्धा आधी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायची, १०३ ते १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवायची, डेसिकेटर नावाच्या झाकणबंद काचेच्या भांड्यात थंड करायची आणि मग तोलायची. तिला हात लावायचा नाही. चिमट्याने धरायची. मी सवयीने बोट पुढे केलं तर भाचा असा ओरडला की सोवळ्यातल्या आजीची आठवण झाली.

मग सॅम्पल. बाटली चांगली हलवून घ्यायची, कारण गाळ तळाशी बसलेला असतो. वरचं पाणी घेतलं तर कारखाना साधुसंत ठरतो, खालचं घेतलं तर राक्षस. आणि इथे मला त्या रीतीतलं सगळ्यात मोठं तत्त्वज्ञान सापडलं. पाण्यात खवल्यांचा गोळा, कोळंबीचं शेपूट, पान, काटकी असलं काही मोठं आलं असेल तर ते वगळायचं, असं पद्धतीतच लिहिलेलं आहे. असल्या एखाद्या तुकड्यामुळे नमुना सगळ्या पाण्याचं खरं चित्र देत नाही, म्हणून.

‘म्हणजे मोठा मासा सोडून द्यायचा आणि बारीकसारीक पकडून तोलायचं?’ मी विचारलं.

‘मामा, ही जगभरची स्टँडर्ड पद्धत आहे.’

ते मला मान्यच होतं.

शंभर मिलिलिटर पाणी चकतीवर ओतलं, व्हॅक्यूम पंप सुरू केला. पंपाने ‘खर्रर्र’ केलं, पाणी खाली खेचलं गेलं आणि चकतीवर राखाडी रंगाचा एक पुसट थर राहिला. मला वाटलं झालं. पण मासळीच्या कारखान्यातलं पाणी खारं. मीठ विरघळलेलं असल्यामुळे ते या मोजणीत धरायचं नसतं, पण चकती ओली असताना तिच्यात अडकून बसतं आणि ओव्हनमध्ये गेल्यावर स्फटिक होऊन गाळाच्या पंगतीला बसतं. म्हणून दहा दहा मिलिलिटर शुद्ध पाण्याने तीनदा धुवायचं. नवशिक्या पोराने धुवायचा कंटाळा केला, की कारखान्याच्या नावावर मिठाची घाण जमा होते.

हे विरघळलेलं आणि न विरघळलेलं प्रकरण ताईच्या गळी उतरवायला भाच्याने एका रविवारी घरूनच नमुने नेले. कोकम सरबत गाळलं; ताईने ते आधी फडक्यातून दोनदा गाळलेलं होतं. चकतीतून लालभडक पाणी तसंच्या तसं खाली आलं, वर राहिला तो नुसता गुलाबी डाग. टीएसएस नगण्य. मग सोलकढी ओतली. पंप जागच्या जागी गुरगुरू लागला. नारळाच्या दुधाने चकतीची छिद्रं अशी लिंपली की थेंब खाली उतरेना. तेव्हा रंगाने घाबरवणारं सरबत कायद्याला पास आणि पोटाला थंडावा देणारी कढी साफ नापास. ‘तुझ्या यंत्रालाच पचत नाही,’ ताई म्हणाली, आणि उरलेली सोलकढी आम्ही कोणत्याही प्रक्रियेविना संपवली.

यातून एक गोष्ट कळते आणि ती ईटीपीवरचे लोक हळू आवाजात सांगतात: नितळ दिसणारं पाणी शुद्ध असतंच असं नाही. जे विरघळलंय ते या मोजणीच्या खिजगणतीत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या, वेगळी पोरं आणि वेगळी डोकेदुखी.

चकती आता ओव्हनमध्ये गेली. शंभरच्या जरा वरचं तापमान अशासाठी, की पाणी उडून जावं पण माशाचा अंश जळून जाऊ नये. तो जाळायचा असेल तर ५५०च्या भट्टीत घालतात, ती तपासणी निराळी. तासभर वाळवायचं, डेसिकेटरमध्ये थंड करायचं, तोलायचं. मग पुन्हा ओव्हनमध्ये घालायचं, पुन्हा थंड करायचं, पुन्हा तोलायचं. दोन वजनं जवळपास सारखी येईपर्यंत हे चालू. ‘जवळपास’ म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. मधल्या वेळात वीज गेली की ओव्हन गार आणि सगळं पहिल्यापासून. वीज जाण्याचं रत्नागिरीत काही ठरावीक निमित्त लागत नाही. झाडाला वारा लागला तरी पुरतं.

आणि या सगळ्यावर आमची हवा. पावसाळ्यात रत्नागिरीची हवा श्वास घेण्यापेक्षा पिण्याच्या जास्त लायकीची असते. डब्यातले पापड मऊ पडतात, आगपेटी पेटत नाही, चपला हिरव्या होतात. आणि भाच्याने तीच हवा बाहेर ठेवून एक चकती कोरडी तोलायची! डेसिकेटरच्या तळाशी सिलिका जेलचे निळे दाणे असतात. ओल शोषली की ते गुलाबी होतात. इतर गावांत हे दाणे निळे असतात आणि क्वचित गुलाबी होतात. जुलैत आमच्याकडे ते गुलाबीच असतात आणि ओव्हनमधून काढल्यावर क्षणभर निळे होऊन दाखवतात. चकती बाहेर काढून बॅलन्सवर ठेवली, काचेची दारं लावली, की शेवटचा आकडा वर वर चढायला लागतो. चकती तिथल्या तिथे हवा पीत असते. भाचा श्वास रोखून बघत असतो, कारण त्याच्या श्वासातही पाणीच.

हा शेवटच्या आकड्यांचा खेळ किती महाग पडतो ते बघा. कोरी चकती समजा ०.०९८७ ग्रॅम, गाळासकट ०.१०१९. फरक ३.२ मिलिग्रॅम. पाणी शंभर मिलिलिटर घेतलं होतं, म्हणून लिटरला दहापट, म्हणजे बत्तीस. उत्तम. आता वजनात एकच मिलिग्रॅम इकडचा तिकडे झाला की अहवालात दहाचा फरक. अख्खा डास दोन-अडीच मिलिग्रॅमचा असतो. असा एखादा डास चकतीवर येऊन बसला, तर साहेबांच्या टेबलावर पंचवीसने गढूळ झालेलं पाणी जातं. मी हे ऐकल्यापासून प्रयोगशाळेच्या खिडक्यांना जाळी बसवण्याबद्दल कारखान्याच्या मालकांना सांगायला हवं असं भाच्याला सुचवत होतो. तो म्हणाला, ‘सांगितलंय. फाइल फिरतेय.’ फाइलसुद्धा पाण्यात न विरघळता फिरणारी वस्तू आहे, पण तिचं टीएसएस कोणी काढत नाही.

गंमत म्हणजे याच आवारात वीस पावलांवर गाळ वाढला की लोक पेढे वाटतात. मधल्या टाकीत हवा सोडून जिवाणू पोसलेले असतात. ते घाण खातात आणि त्यांचाच तपकिरी गाळ होतो. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ही युक्ती जगापुढे मांडली. त्यांच्या मागे उभे असलेले फाउलर नावाचे गृहस्थ दोन वर्षांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक होऊन आले, तेव्हा हा गाळ आपल्याला तसा लवकरच भेटला. या टाकीतला गाळ लिटरला दोन-चार हजार मिलिग्रॅम हवा. त्याला टीएसएस म्हणायचं नाही, एमएलएसएस म्हणायचं. चकती तीच, ओव्हन तोच, बॅलन्स तोच. इथे तीन हजार आले की साहेब भाच्याच्या पाठीवर थाप मारतात. बाहेरच्या नळाला एकशे तीस आले की साहेबांची झोप उडते.

या टाकीच्या गाळाची परीक्षा पाहुण्यांना दाखवण्याजोगी आहे. एक लिटरचा काचेचा सिलिंडर भरायचा आणि अर्धा तास नुसतं बघत बसायचं. गाळ किती खाली बसला ते सिलिंडरवरच्या आकड्यावर वाचायचं. ईटीपीवरचा जुना ऑपरेटर मात्र सिलिंडर न लावता, टाकीच्या कठड्यावरून डोकावून, विडी कानावर ठेवून सांगतो, ‘आज गाळ नीट बसतोय, साहेब’ किंवा ‘आज फुगलाय.’ भाचा अर्धा तास थांबून तेच उत्तर काढतो. त्या दोघांचं एकमेकांबद्दलचं मत मी दोघांकडूनही ऐकलेलं आहे आणि ते इथे छापण्याजोगं नाही.

बारीक चिकणमाती मात्र ऑपरेटरलाही जुमानत नाही. मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा कण शांत पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण तीन दिवस घेतो. कण कणाला दूर ढकलत असतो, म्हणून एकत्र येऊन जड होत नाहीत. घराघरांत पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवतात ती त्यांची ही भांडणं मिटवायला. कारखान्यातही तुरटीच्याच जातकुळीची रसायनं घालतात. निसर्ग तेच काम मिठाने करतो: काजळी नदीचं गढूळ पाणी भाट्याच्या खाडीत खाऱ्याला भिडलं की माती गोळा होऊन बसायला लागते. अर्थात पाण्याचा वेग ओसरायला हवा. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठी घराघरांत शिरली, आणि पाणी ओसरल्यावर भिंतींवर, कपाटांत, दुकानांतल्या मालावर जो चिखल राहिला तो लोकांनी फावड्याने मोजला. तिथे मिलिग्रॅमची भाषा बोलायची कोणाची छाती नव्हती.

अलीकडे यातही यंत्रं आली आहेत. पाण्यात प्रकाश सोडायचा, कण किती प्रकाश विखरतात ते बघायचं, आणि आकडा तारेने थेट प्रदूषण बोर्डाच्या पडद्यावर. चकती नाही, ओव्हन नाही, मामा नाही. पण त्या यंत्राच्या भिंगावर शेवाळ चढतं आणि यंत्र आपल्या डोळ्यातली घाण पाण्याच्या नावावर खपवतं. मग एक पोरगा फडकं घेऊन जातो, भिंग पुसतो, आणि पाणी एका मिनिटात स्वच्छ होतं. इतक्या कमी खर्चात सांडपाणी शुद्ध करणारी दुसरी पद्धत अजून निघालेली नाही. यंत्र खरं बोलतंय की नाही हे ताडून बघायला शेवटी चकतीच लागते.

एवढं शिकलेला, कमावता, निर्व्यसनी मुलगा, पण स्थळं टिकेनात. ‘मुलगा करतो काय?’ या प्रश्नापाशी ताई अडखळायची. ‘पाण्यात आहे’ म्हटलं की लोकांना मर्चंट नेव्ही वाटायचं आणि नंतर गैरसमज दूर झाला की शहाळं अर्धं टाकून मंडळी उठायची. शेवटी राजापूरकडचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील निवृत्त, बोलायला मोकळे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि भाच्याकडे वळले.

‘म्हणजे तुम्ही सांडपाण्याचा रिपोर्ट देता?’

‘हो.’

‘कोर्टात चालेल असा?’

शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी त्यांच्या परसात, थेट विहिरीच्या अंगाला येत होतं. दावा चालू होता. तो किती वर्षं, हे त्यांनी सांगितलं नाही. पण मूळ वादी आणि प्रतिवादी दोघांच्याही तसबिरींना हार होते.

भाच्याने अंग चोरून समजावलं. बोर्ड नमुना घेतं तेव्हा १९७४च्या कायद्याचं एकविसावं कलम आहे. आधी नोटीस द्यायची. मालकाच्या समोर नमुना घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, दोन्हींना सील करायचं, सीलवर दोघांच्याही सह्या. त्याशिवाय तो पुरावा धरत नाहीत. तुमचा दावा खासगी, तेव्हा वकिलांना विचारा.

‘शेजारी सही करेल असं वाटत नाही,’ ते म्हणाले. ‘पोस्टमनला पण करत नाही. बरं, सॅम्पल टिकतं किती?’

‘चार अंशाला फ्रिजमध्ये ठेवलं तर फार तर सात दिवस.’

त्यांचा चेहरा पडला. ‘पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे हो.’

आतून मुलीचा आवाज आला, ‘मग बाबा, तारखेच्या आदल्या आठवड्यात घ्या. आणि आपल्या फ्रिजमध्ये नको, शेजाऱ्यांच्यात ठेवा.’

मुलगी केमिस्ट्रीची पदवीधर आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.